बारशाचा पेढा

सबंध नोकरीत मी माणसांना एकच प्रश्न विचारत आले: काल काय खाल्लं? माझा पगार, आताचं पेन्शन, वर्ध्यातलं माझं लहानसं घर, सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. एका मोठ्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ होते. निवृत्त झाले तरी लग्नाच्या पंगतीत मी शेजारी येऊन बसले की ओळखीची माणसं ताटातली जिलेबी हळूच वरणाच्या वाटीआड सरकवतात.  माझ्याही ताटात दोन असतात.

आहारतज्ज्ञ म्हणजे हे खा आणि ते खाऊ नका असं सांगणारी बाई, असा लोकांचा समज. तो आमच्या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. कोणाची आत्याही तेवढं सांगते, आणि फी घेत नाही. खरं काम त्याच्या आधीचं. माणसाच्या अंगात काय पोचतंय आणि काय पोचत नाही, हे शोधायचं. मोजून काही कळतं: वजन, उंची, लहान लेकराच्या दंडाचा घेर. रक्त तपासून काही कळतं. अंगावरच्या खुणा बघून बरंच कळतं; मी अजूनही भाजीवालीच्या हातातून सुटे पैसे घेताना तिची नखं बघते. आणि शेवटी विचारायचं. मोजताना काटा मदतीला असतो, रक्ताला प्रयोगशाळा असते. विचारताना मात्र समोर माणूस असतो, आणि खाण्याच्या बाबतीत माणूस पहिल्या फटक्यात खरं सांगत नाही. त्याला खोटं बोलायचं असतं असं नाही. आपण काय खातो ते त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

कापसाच्या एका जिनिंगमधले मुकादम यायचे, साखरेचे पेशंट. "दोनच पोळ्या खातो मॅडम, तरी साखर काऊन उतरत नाई?" माझ्या टेबलावर वेगवेगळ्या मापांच्या वाट्या, पळ्या आणि पोळीच्या आकाराचे पुठ्ठ्याचे गोल असत. मी ते गोल त्यांच्यासमोर मांडले आणि म्हटलं, यातली तुमची पोळी दाखवा. त्यांनी सगळ्यात मोठा गोल उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याच्याहून मोठा नाई काय?" मागे उभी असलेली त्यांची बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

तळेगावकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका वस्तीवरची बाई सांगायची, "काई नाई खाल्लं जी." रक्त बरं, वजन बरं, आणि ही म्हणे काही खाल्लं नाही. मग मी तिच्याबरोबर मनानंच तिचा दिवस चालले. घरातून निघालीस, मग? वाटेत बोरं होती. शेतात? तुरीच्या शेंगा सोलल्या, हरभऱ्याचे घाटे खाल्ले. परत येताना? कवठ सापडलं. तिच्या लेखी यातलं काहीच खाणं नव्हतं. ताट घेऊन खाली बसलं आणि भाकर मोडली, की ते खाणं. त्या दिवसापासून मी काय खाल्लं हे नुसतं विचारणं सोडलं. उठल्यापासून झोपेपर्यंत माणसाच्या मागे मागे जायचं, हे माझं तंत्र झालं.

या कामानं मला एक गोष्ट दिली, ती म्हणजे आश्चर्य. ते काही केल्या संपत नाही. ज्वारीची भाकर आणि वाटीभर वरण आत जातं, आणि त्याचं नख होतं, आसू होतो, पोटातल्या बाळाचा कान होतो, मुलाला पाठ झालेला पाढा होतो. याची प्रक्रिया मी शिकले आहे, नव्या मुलींना फळ्यावर शिकवलीही आहे. फळा पुसताना दर वेळी वाटायचं की आपण बाणच काढले, खरी गंमत यात आलीच नाही. त्यातली एक गंमत मी डोळ्यांनी पाहिली. एका लेकराचं हरवलेलं हसू परत येताना पाहिलं. तेच आज सांगायचं आहे. नावं बदलली आहेत, आणि जिची गोष्ट आहे तिची परवानगी घेतली आहे.

गौरी दहा महिन्यांची होती. आर्वीचं घर, किराण्याचं आणि सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं, जुनं दुकान, दारात दोन म्हशी. तिला घेऊन आजी कमलबाई आणि आई रूपाली आल्या होत्या. बाप दुकान भावावर टाकून ये-जा करत होता. वॉर्डात शिरताना मी लांबूनच पाहिलं, तर बाळ अशक्त अजिबात नव्हतं. गाल भरलेले, हातापायाला वळ्या. कुपोषित म्हणून कोणी दाखवलं असतं तर अंगणवाडीतल्या मदतनीसबाईनंही हसण्यावारी नेलं असतं.

जवळ गेले तेव्हा वेगळंच दिसलं. डॉक्टर तिच्यासमोर खुळखुळा वाजवत होते आणि ती खुळखुळ्याकडे पाहतच नव्हती. त्याच्या पलीकडे, भिंतीच्याही पलीकडे कुठेतरी पाहत होती. केस विरळ आणि तपकिरी. बोटांच्या पेरांवर काळसर डाग, शाई सांडून नीट धुतली गेली नसावी तसे. आणि हाताला बारीक कंप.

"पाचव्या महिन्यात खदखदा हासे, मॅडम," कमलबाई सांगत होत्या. "आजोबाचा चश्मा वढे. बसाले लागली होती. मंग एक एक करून सारं भुलली. आता मानबी धरत नाई. कोणाले ओळखत नाई. मायलेबी नाई."

 रूपाली बाळाचा तळवा आपल्या मुठीत धरून, तो थरथरू नये म्हणून दाबून बसली होती.

आमचे बालरोगतज्ज्ञ अनुभवी होते. त्यांनी पाहताच ओळखलं आणि आईचं व बाळाचं रक्त तपासायला पाठवलं. दोघींच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "उपचार सुरू करतो. पण कारण कळायला हवं. आजी म्हणतात सून रोज ग्लासभर दूध पिते. मग हे असं कसं? एकतर तिचं आतडं ते घेत नाही, त्याच्या तपासण्या मी बघतो. नाहीतर दूध पोटात जातच नाही. ते तुम्ही बघा."

या बी-ट्वेल्व्हबद्दल थोडं सांगायला हवं. झाडं ते बनवत नाहीत. गाय-म्हैस बनवत नाही, माणूस तर नाहीच. ते बनवतात डोळ्यांना न दिसणारे जंतू. म्हैस कडबा खाते, ढेप खाते, तिच्या पोटातले जंतू त्यांचं काम करत राहतात, आणि मग ते दुधात उतरतं. अंडी, मांस, मासे यांतही ते असतं. पण ज्या घराचा उंबरठा अंड्यानं कधी ओलांडला नाही, त्या घराला दूध, दही, ताक एवढाच रस्ता. आणि लागतं तरी किती? एका माणसाला जन्मभर लागणारं सगळं एका जागी गोळा केलं, तर भाजीत घालतो त्या मिठाची एक चिमूटही भरणार नाही. त्याच्यावर रक्त तयार होतं, मज्जातंतूंवरचं आवरण तयार होतं, लेकरू आईला ओळखायला शिकतं. दुसरी गोष्ट अशी की, कॅल्शियम कमी पडलं तर आई आपली हाडं झिजवून ते बाळाच्या दुधात घालते. बी-ट्वेल्व्हचं तसं होत नाही. आईच्या ताटात नसेल तर तिच्या दुधातही येत नाही. आणि गौरी आईच्या दुधावरच होती. उष्टवण झालं होतं, पण वरचं काही ती घेतच नव्हती, थुंकून टाकत होती.

मी रूपालीच्या खाटेजवळ स्टूल ओढलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. उत्तर कमलबाईंकडून आलं. "सकाळी पोळी-भाजी, दुपारी वरण-भात, रातच्याला मी सोता तिले गिलासभर दूध देतो, हळद टाकून. लेकुरवाळी बाई हाये, मॅडम. आमच्या घरी खाण्यापेण्याची कमी नाई."

घरोघरी हे असं होतं. प्रश्न सुनेला विचारायचा, उत्तर सासू देते. नवऱ्याला विचारायचा, उत्तर बायको देते. म्हणून आम्ही वाढणाऱ्याला आणि खाणाऱ्याला वेगवेगळं गाठतो. मी कमलबाईंना बाळ घेऊन सिस्टरबरोबर वजन करायला पाठवलं आणि रूपालीच्या दिवसाच्या मागे मागे चालू लागले.

ती अगदी नीट सांगत होती. सकाळी कोरा चहा, लिंबू पिळून. का? दुधाच्या चहानं पित्त होतं. मग पोळी, वांग्याची भाजी, ठेचा. तूप? नाही. वरणावर? नाही. ताक? सर्दी होते. दही? घसा धरतो. एका बाईला इतके वेगवेगळे त्रास, आणि सगळे पांढऱ्या पदार्थांचे.

"आणि दूध?"

तिनं दाराकडे पाहिलं. "पेतो न. राती. गिलासभर."

"त्यात काय टाकतेस?"

"साखर," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "एक चमचा."

मी तिची जीभ पाहिली. लालभडक, गुळगुळीत, वरचा खरखरीतपणा पार गेलेला. विचारलं, "पायाले मुंग्या येतात काय?"

"तुमाले कसं समजलं?"

तेवढ्यात कमलबाई बाळाला घेऊन परतल्या. वजन बरं भरल्याचा त्यांना आनंद झाला होता, त्या भरात म्हशींचं कौतुक सुरू झालं. "आमच्या घरचं दूध असं घट्ट हाये का, मॅडम, मांजर पाहा तुमी आमच्या घरची. सुनेच्या पायापायात राह्यते. पिपा झाली नुसती, उडी मारता येत नाई तिले."

रूपालीनं मान खाली घातली. हळदीचं दूध कुठे जातं ते मला कळलं. का जातं, ते कळेना. दूध मिळत नाही म्हणून न पिणाऱ्या बाया मी आयुष्यभर पाहिल्या. आवडत नाही म्हणून न पिणाऱ्याही पाहिल्या. पण मिळत असलेलं, कोणीतरी प्रेमानं हातात दिलेलं दूध चोरून मांजराला घालणारी बाई मला नवीन होती. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी एक पित्त किंवा आणखी एक सर्दी हाती लागली असती.

दुसऱ्या दिवशी सिस्टर दोघींची इंजेक्शनं घेऊन आल्या. हे औषध लाल असतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं. बाळाला टोचू दिलं. रूपालीनं मात्र स्वतःचा दंड पदरात ओढून घेतला. "मॅडमले बोलवा आधी."

मी गेले. कमलबाई खाली चहाला गेल्या होत्या. रूपाली अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, या सुईत दुधाचं काई हाये काय?"

सिस्टरांना मी डोळ्यांनीच थांबायला सांगितलं आणि खाटेच्या कडेवर बसले. मग ती बोलली. बाळाकडे पाहत बोलली, माझ्याकडे नाही.

लग्नाला पुष्कळ वर्षं होऊन मूल नव्हतं. कुलदेवीच्या दर्शनाला गेली असताना तिनं मनातल्या मनात नवस बोलला: लेकरू होऊ दे, त्याचं जावळ तुझ्या पायाशी होईल तोवर दूध, दही, ताक, तूप, पेढा, काही काही तोंडात घालणार नाही. जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस उतरवणं. आणि हा नवस कोणाला सांगायचा नाही. नवऱ्यालाही नाही. सांगितलं की फळत नाही, असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. दोन म्हशींच्या घरात, पहाटे धारेचा आवाज ऐकत, साय ढवळत, दुसऱ्यांच्या वाट्या भरत ती वर्षानुवर्षं कोरी राहिली. आणि खरंच गौरी झाली.

"मंग बारसं झालं," ती म्हणाली, "तवा माह्या मोठ्या नणंदेनं पेढा कोंबला तोंडात. सगळ्यायच्या समोर. थुकू कशी? गिळला. त्याच्यानंतर म्या लय जपलं, मॅडम. लोण्याचं भांडं घासलं तरी हात तीनदा धुवून घेतले. तरी पोट्टीचं हासणं गेलं. देवीनं नेलं ते. माह्या एका पेढ्यापायी."

नवसाला हसणारे खूप असतात. मीही शिकलेली बाई, एरवी चार शब्द ऐकवले असते.  एका घासावर एवढी वर्षं पहारा ठेवणारी ताकद मी कुठल्याही पुस्तकात वाचली नव्हती. माझे पेशंट आठवड्याभरासाठी साखर सोडत नाहीत, आणि ही बाई! आणि तिनं लेकीसाठी जे सोडलं होतं, तेच नेमकं लेकीला हवं होतं. माझे डोळे भरून आले, आणि ते तिला दिसले तरी मला लाज वाटली नाही.

"रूपाली, ऐक," मी म्हटलं. वर्ध्याचीच असल्यामुळे पेशंटशी बोलताना मी त्यांच्या बोलीत घसरते. "त्या पेढ्यानं तुह्या लेकीले काई नाई केलं. तिचं अंग जे मागून राह्यलं, ते दुधात असते. तू ते सोडलं, म्हणून तुह्या अंगातूनबी गेलं. त्या एका पेढ्यातून, थोडंसं का होईना, तिले पोचलं असंल. तो पेढा तिच्याच कामी आला, पोरी."

तिनं बाळाच्या विरळ केसांवरून हात फिरवला.

"आणि सुईत दूध नाई. कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत जंतूंकडून हे करून घेतात."

"जंतू म्हंजे दूध नाई न?"

"नाई."

तिनं दंड पुढे केला. सुई निघाल्यावर म्हणाली, "कोणाले सांगू नोका." मी डॉक्टरांना एवढंच सांगितलं की दूध पोटात जात नाही, कारण तिचं खाजगी आहे. चांगले डॉक्टर होते, पुढे विचारलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहायलाही बसले नसते. या उपचारात एक विचित्र प्रकार होतो. औषध सुरू झाल्यावर काही मुलांचा कंप आधी वाढतो. का वाढतो ते अजून कोणाला नीट सांगता येत नाही. डॉक्टरांनी घरच्यांना तसं आधीच बजावलं होतं. पण गौरीचे दोन्ही हात आणि हनुवटी जोरजोरात थरथरू लागली, तेव्हा रूपालीला डॉक्टरांचं बोलणं आठवलं नाही. तिला तिची देवी आठवली.

"पाह्यलं, मॅडम?" ती पांढरीफटक पडली होती. "तुमाले सांगितलं न मी. म्हून."

पुढच्या इंजेक्शनला ती तयार होईना. बाळालाही टोचू देईना. कमलबाई बिचाऱ्या चक्रावल्या. "काऊन नाई म्हनते वं? डॉक्टर का दुश्मन हाये काय आपला?" दुपारपर्यंत नवरा आला, तोही समजावून थकला. मला एकटीलाच कारण ठाऊक, आणि ते सांगण्याची मला मनाई.

त्या दुपारी मी खरंच घाबरले होते. असंच एक लेकरू फार पूर्वी आमच्याकडे उशिरा आलं होतं. औषधानं ते वाचलं, चालायलाही लागलं, पण बोलणं पुरतं आलंच नाही. मेंदूची वाढ थांबून आपली वाट बघत नाही. त्या मुलाच्या आईनं मला नंतर बाजारात गाठून विचारलं होतं, अजून काही देऊ का मॅडम, काय खाऊ घालू?  गौरीचे दिवस असे हातातून जाऊ द्यायचे नव्हते.

मी रूपालीला व्हरांड्यात नेलं. शास्त्र सांगून झालं होतं, त्यानं भागणार नव्हतं. मी म्हटलं, "देवीनं तुले लेकरू देलं का नाई?"

"देलं."

"इतक्या वर्सांची तुही उपाशी जीभ पाहून देलं. मंग देणारी असं एका पेढ्यापायी परत घेईल काय? तुही नणंद तेवढी कोत्या मनाची असंल एक वेळ. तुही देवी नाई."

नणंदेचं नाव काढल्यावर तिच्या तोंडावर काहीतरी हललं. मला वाटतं, त्या नणंदेनंच आमचं काम केलं. "माह्या मनाले नाई पटत," ती म्हणाली, "पण पोरीसाठी घेतो." आणि जाऊन सिस्टरांसमोर बसली.

मग वाट पाहणं. मी रोज सकाळी जेवणाच्या ट्रॉलीबरोबर त्या वॉर्डात जायची, कामाचं निमित्त नसलं तरी. कंप होता तसाच. नजर तशीच भिंतीपलीकडे. रूपाली बाळासमोर बांगड्या वाजवत बसलेली असायची, आणि मी वरण पातळ आहे का घट्ट ते उगाच पळीनं पाहत उभी राहायची.

एका सकाळी ट्रॉली वॉर्डाच्या दारातच असताना कमलबाईंची हाक आली, "मॅडम! लवकर या!" मी ट्रॉली तिथेच सोडली. कशी पोचले मला आठवत नाही. रूपालीच्या मांडीवर गौरी होती, आणि ती बांगड्यांकडे पाहत होती. बांगडी डावीकडे गेली की डोळे डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. मग डोळे बांगडीवरून वर सरकले, मनगट, कोपर, खांदा असे चढत आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबले. थांबलेच. आणि ओठाचा एक कोपरा हलला.

 "हासली काय ते?" रूपालीनं मान न वळवता विचारलं. "तुमीबी पाह्यलं न, मॅडम?"

"पाह्यलं."

"आत्याबाई, तुमीबी पाह्यलं न?" सासूला ती आत्याबाई म्हणे. कमलबाई भिंतीला टेकून रडत होत्या.  हे असं होतं हे मी शिकले होते, नव्या मुलींना शिकवत होते, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. आणि तरीही थेंबभर लाल औषधानं एक लेकरू कुठून तरी लांबून परत येतं आणि आईला ओळखतं, हे माझ्या डोक्यात मावेना. अजून मावत नाही.

आता राहिला नवस. कंप हळूहळू उतरत होता, डॉक्टर घरी सोडायच्या बेतात होते. आईला इंजेक्शनं मिळणार होती, पण त्या घरात जावळ तिसऱ्या वर्षी करायचं ठरलं होतं. तोवर ही बाई पुन्हा कोरी राहणार. निघायच्या आदल्या दिवशी मी कमलबाईंशी गप्पा मारता मारता विचारलं, "जावळ तिसऱ्याच वर्षी करावं लागते काय तुमच्याकडे?"

"पह्यल्या नाईतर तिसऱ्या. जोडीचं वर्स नसावं."

"मग पहिल्यातच करून टाका की. वाढदिवसाला अजून वेळ आहे. हे तपकिरी केस तसेही गळून राह्यले. आता जे येतील ते चांगले काळे येतील."

"पाव्हणेरावळे, तयारी, किती काम असते, मॅडम." मग जरा थांबून, "हे डॉक्टर म्हनते काय?"

"मी म्हणते."

पलीकडे रूपाली दुपटी घडी करत होती. तिचे हात थांबले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा घडी घालायला लागली तेव्हा तिची बोटं इतकी भरभर चालली की एकच दुपटं तिनं दोनदा घडी केलं.

त्यानंतर तिघी माझ्या खोलीत आल्या त्या बऱ्याच महिन्यांनी, तपासणीला. गौरी आजीचं बोट धरून चालत आली. डोक्यावर नवीन केस, काळेभोर, कंगव्याला अडतील असे दाट. तिनं माझ्या टेबलावरचा सगळ्यात मोठा पुठ्ठ्याचा गोल उचलला आणि चावून पाहिला. मुकादमांची आठवण झाली.

रूपाली समोर बसली. जीभ पाहिली, छान खरखरीत होती. कमलबाई पिशवीत काही शोधत होत्या तेवढ्यात ती पुढे वाकून म्हणाली, "जावळाच्या दिवशी देवीसमोर पह्यला पेढा खाल्ला, मॅडम. आता तुमी कोणालेबी सांगितलं तरी चालते. फक्त आत्याबाईले नोको. इतकं दूध वाया गेलं म्हून जीव हळहळंल तिचा." मी हे दिवाळी अंकासाठी लिहिते आहे; कमलबाई दिवाळी अंक वाचत नाहीत, हे तिनं मला खात्रीपूर्वक सांगितलं आहे.

मग मी माझा प्रश्न विचारला. काल काय खाल्लं? सवयीनं कमलबाईंनी तोंड उघडलं, पण रूपालीचं उत्तर आधी आलं. "सकाळी दुधाचा चहा. दुपारी ताक, भाकर, अंबाडीची भाजी. रातच्याला गिलासभर दूध. हळद टाकून."

"ते सारं ठीक हाये, मॅडम," कमलबाई मध्येच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती. "सून सुधरली, नात सुधरली. पण घरची मांजर वाळून गेली पाहा. काय झालं तिले समजत नाई. पयले कशी पिप्यावानी होती. तुमच्याजवळ काई औसद असंल तर तिचंबी पाहा न जरा."

मी रूपालीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाशी नेला, पण उशीर झाला होता. ती हसायला लागली, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गौरीनं पुठ्ठा खाली टाकला आणि आईच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग काही एक कळत नसताना, नुसती आई हसते म्हणून, तीही खदखदा हसायला लागली.